कुंपणाबाहेरचा मुलगा

खेळ हा अभ्यासाचा शत्रु होय, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून अद्याप पुरती गेलेली नाहीं; आणि अलीकडे तिच्याच शेजारीं दुसरी एक समजूत येऊन बसली आहे. ती अशी कीं, मुलाच्या हातीं एकदां रॅकेट किंवा बॅट दिली आणि नामांकित शिक्षकाची फी भरली, म्हणजे कीर्ति व द्रव्य हीं दोन्ही आपण होऊन घर शोधीत येतील. या दोन्ही समजुती सारख्याच पोकळ आहेत असें आम्हांस वाटतें. पहिलीनें मुलाचा एक गुण मारला जातो. दुसरीनें तर कधीं कधीं सबंध मूलच मारलें जातें. आमचें आयुष्य फळ्यासमोर गेलें. टेनिसच्या डावपेंचांवर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु मूल कसें घडतें, त्याच्या घडणींत आईबापांचा वांटा किती, गुरूचा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हा प्रश्न आमच्या व्यवसायांतला आहे. आणि त्या प्रश्नावर प्रकाश पाडणारें एक चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

हें चरित्र सर्बिया देशांतील नोव्हाक जोकोविच याचें. पुरुष एकेरींत चार मोठ्या स्पर्धांचीं मिळून २४ अजिंक्यपदें, जागतिक क्रमवारींत पहिल्या स्थानावर काढलेले ४२८ आठवडे, आणि सन २०२४ मध्यें पॅरिस येथें मिळालेलें ऑलिंपिकचें सुवर्णपदक, एवढी त्याची मिळकत सांगितली म्हणजे पुरे. शिखराचें वर्णन वर्तमानपत्रांतून पुष्कळ झालें आहे. आम्हांस पाहावयाचा आहे तो पायथा.

प्रथम या धंद्याचें स्वरूप थोडें ध्यानांत घेतलें पाहिजे. सन १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांत पैसे घेऊन खेळणाऱ्यांस मज्जाव असे. त्या वर्षीं तें दार उघडलें आणि टेनिस हा राजरोस धंदा झाला. परंतु हा धंदा नोकरीसारखा नव्हे. खेळाडूस दरमहा पगार नाहीं. प्रवास, उतारा, शिक्षक, औषधोपचार यांचा बोजा सामान्यतः त्याच्याच खिशावर. जिंकला तर बक्षीस, आणि दूरदेशीं जाऊन पहिल्याच फेरींत हरला तर हातीं पडणारी रक्कम बेताचीच. खालच्या दर्जाच्या स्पर्धांत तर बक्षिसांतून प्रवासखर्चही निघण्याची मारामार. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य पटांत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकीं सुमारें शंभरांसच क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो. म्हणजे मूल पांचसहा वर्षांचें असतां पेरावें, बारापंधरा वर्षें पाणी घालावें, आणि मग सबंध पृथ्वीवरील पहिल्या शंभरांत तें आलें तर पीक घरांत आलें असें म्हणावें! हा जुगार धनिकानें खेळावा हें समजूं शकतें. ज्यांच्या गांठीं कांहींच नव्हतें अशा एका कुटुंबानें तो कसा खेळला, हेंच या कथेंतील मर्म आहे.

नोव्हाकचा जन्म २२ मे १९८७ रोजीं बेलग्रेड येथें झाला. तेव्हां तें शहर युगोस्लाव्हियाची राजधानी होतें. मूल चार वर्षांचें होतें न होतें तोंच तो देश फुटूं लागला. वडील स्रजान, आई दियाना. वडिलांच्या घरांत बर्फावरील घसरशर्यतींची परंपरा. वडील, काका, आत्या सर्व त्या खेळांतले. टेनिसशीं या घराचा कसलाही संबंध नव्हता. दक्षिणेकडील कोपाओनिक नांवाच्या डोंगरावर, जेथें हिंवाळ्यांत लोक बर्फांतील खेळांसाठीं येतात, तेथें या दांपत्यानें पिझ्झा वगैरे खाद्यपदार्थांचें एक लहानसें उपाहारगृह चालविलें होतें. मूल चार वर्षांचें असतां त्याला एक लहानशी रॅकेट व मऊ चेंडू आणून दिला, आणि तें खेळणें त्यानें पुन्हा हातांतून खालीं ठेवलेंच नाहीं, असें वडील सांगत. मग दैवयोग असा कीं, त्याच उपाहारगृहासमोर टेनिसचीं मैदानें तयार झालीं.

सन १९९३ च्या उन्हाळ्यांत तेथें मुलांसाठीं टेनिसचें शिबिर भरलें. शिकविण्यास बेलग्रेडहून येलेना गेन्चिच या बाई आल्या होत्या. या बाईंविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो, म्हणून त्यांची ओळख थोडी विस्तारानें करून देतों. त्यांचा जन्म १९३६ चा. तारुण्यांत त्या हँडबॉल व टेनिस हे दोन्ही खेळ खेळल्या. पुढें बेलग्रेडच्या दूरचित्रवाणीवर कार्यक्रमांच्या दिग्दर्शिका म्हणून त्यांनीं नोकरी केली. आणि शिकविण्याचें काम आवडीनें चालविलें. मोनिका सेलेस व गोरान इव्हानिसेविच हे पुढें जगप्रसिद्ध झालेले खेळाडूही लहानपणीं त्यांच्या हाताखालून गेलेले. लग्न, संसार, संपत्ति यांच्या वाटेस त्या गेल्या नाहींत. दुसऱ्यांचीं मुलें हाच त्यांचा प्रपंच.

शिबिर चालू असतां तारेच्या कुंपणाबाहेर एक सहा वर्षांचा मुलगा तासन् तास उभा राहून पाहत असलेला त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं जवळ जाऊन विचारलें, “तुला खेळावयाचें आहे काय?” मुलगा जणूं या प्रश्नाचीच वाट पाहत होता. ठरल्याप्रमाणें तो आला तेव्हां त्याच्याजवळ एक पिशवी होती. तींत रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, एक केळें, बदलावयाचा सदरा, मनगटाच्या पट्ट्या असें सर्व सामान नीट घडी घालून ठेवलेलें. बाईंस वाटलें, हें आईचें काम असणार. परंतु विचारतांच मुलगा कांहींसा रागावून म्हणाला कीं, ही पिशवी मींच भरली आहे. काय काय घ्यावयाचें हें तुला कोणी सांगितलें, तर दूरचित्रवाणीवर मोठे खेळाडू काय बरोबर नेतात तें मीं पाहिलें आहे! त्याच उन्हाळ्यांत पीट सॅम्प्रासनें विंबल्डन जिंकलेलें त्यानें पाहिलें होतें, आणि आपणही तेथेंच जावयाचें हें त्याचें ठरलेलें होतें.

आपल्याकडे गुरुशिष्यांची गोष्ट निघाली कीं एकलव्य आठवतो. गुरूनें नाकारलेला, दूर उभा राहून पाहून शिकणारा, आणि शिकल्याबद्दल अंगठा देऊन बसलेला. ती कथा शिष्याचें माहात्म्य सांगते, गुरूचें नव्हे. कोपाओनिकच्या कुंपणापाशीं नेमकें उलट घडलें. येथें गुरु स्वतः कुंपणापर्यंत चालत गेला. मुलांस पारखणारे शिक्षक पुष्कळ असतात. परंतु ज्यांनीं फी भरलेली नाहीं, ज्यांचें नांव पटावर नाहीं, अशा मुलांकडे नजर वळविणारे थोडे. एवढी एक नजर त्या दिवशीं वळली नसती, तर पुढील सारा इतिहास निराळा झाला असता.

थोड्याच दिवसांत बाईंनीं आईबापांस सांगितलें कीं, तुमच्या घरांत सोनें आहे. सेलेसनंतर असें बुद्धिमान मूल आपण पाहिलें नाहीं, आणि सतराव्या वर्षीं हा जगांतील पहिल्या पांचांत असेल, असें त्यांचें भाकीत होतें. तें दोनतीन वर्षांनीं मागेंपुढें झालें, इतकेंच! पुढें सहा वर्षें त्यांनीं त्याला शिकविलें. आणि तें शिक्षण केवळ चेंडू मारण्याचें नव्हतें. त्या त्याला घरीं नेत, अभिजात संगीताच्या तबकड्या ऐकवीत, पुश्किनसारख्या कवींच्या कविता वाचून दाखवीत. इंग्रजी व जर्मन या भाषा आल्याच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. खेळाडूच्या अंगीं नुसतें बळ असून भागत नाहीं. कठीण प्रसंगीं मन स्थिर राहावें यासाठीं त्याला कोठें तरी विसांवा पाहिजे, आणि तो विसांवा कलेंत व विद्येंत मिळतो, हें त्यांचें मत. आमच्या शिक्षकबंधूंनीं हें मत आपल्या टिपणवहींत उतरून घेण्यासारखें आहे.

हे दिवस कसे होते? सन १९९२ पासून देशावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते. परदेशांशीं व्यापार जवळजवळ बंद. चलनाची अवस्था अशी कीं, सन १९९३ अखेर सरकारास ५०,००० कोटी दिनारांची एक नोट छापावी लागली, आणि तिचीही किंमत दिवसागणिक घसरत गेली. अशा काळांत घरीं नोव्हाकखेरीज मार्को व जॉर्जे असे आणखी दोन मुलगे वाढत होते. जोकोविचनें पुढें स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. एके दिवशीं वडिलांनीं सर्वांस बोलावून मेजावर दहा मार्कांची नोट ठेविली आणि म्हटलें कीं, आपल्याजवळ एवढेंच उरलें आहे; यापुढें सर्वांनीं एकमेकांस धरून राहिलें पाहिजे. असें असूनही मुलाची रॅकेट, त्याचे प्रवास, त्याच्या स्पर्धा यांस खंड पडला नाहीं. वडिलांनीं सावकारांकडून जबर व्याजानें कर्जें काढलीं. हें करणें शहाणपणाचें होतें काय, याचा विचार पुढें करूं.

मग १९९९ साल उजाडलें. २४ मार्चच्या रात्रीं नाटो राष्ट्रांच्या विमानांनीं सर्बियावर बाँब टाकण्यास आरंभ केला, आणि तो भडिमार १० जूनपर्यंत, ७८ दिवस चालला. पहिल्याच रात्रीं स्फोटाच्या हादऱ्यानें आई पडून बेशुद्ध झाली. ती शुद्धीवर येतांच कुटुंब अंधारांत मावशीच्या इमारतीखालील तळघराकडे धांवत सुटलें. धांवतां धांवतां नोव्हाक अडखळून पडला. मान वर करून पाहतो तों डोक्यावरून एक लढाऊ विमान सरकत होतें. हें दृश्य आपणांस आजवर सोडीत नाहीं, मोठ्या आवाजानें आजही दचकावयास होतें, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. तेव्हां तो अकरा वर्षांचा होता.

पहिले कांहीं दिवस भीतींत गेले. नंतर मात्र लोकांस कळून चुकलें कीं भिऊन कांहीं उपयोग नाहीं. शाळा बंदच होत्या. गेन्चिचबाईंनीं सराव सुरू केला. आदल्या दिवशीं जेथें बाँब पडले असतील त्या भागांतील मैदान त्या निवडीत. एकाच जागीं लागोपाठ दोन दिवस हल्ला होणार नाहीं, असा त्यांचा तर्क. रात्रीं तळघर आणि दिवसा टेनिस, असा क्रम पडला. २२ मे रोजीं पार्तिझान क्लबांत त्याचा बारावा वाढदिवस साजरा होत असतां, आईबाप वाढदिवसाचें गाणें म्हणूं लागले, तों वरून जाणाऱ्या विमानांच्या घरघरींत तें गाणें बुडून गेलें. युद्ध चांगलें असें कोणीही म्हणणार नाहीं, आणि आपत्तींतून मोठीं माणसें निपजतात या वाक्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं. आपत्तींत चिरडून गेलेल्यांची गणती कोण करतो? परंतु ज्या मुलानें असे दिवस पाहिले, त्याला पुढें सामन्यांतील पांचव्या डावाची भीति ती किती वाटणार, एवढें खरें.

बाईंस आतां कळून चुकलें होतें कीं, या मुलास शिकविण्याजोगें जें आपणांजवळ होतें तें देऊन झालें. बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळण्यासाठीं त्यानें परदेशीं गेलेंच पाहिजे. शिष्यास आपल्यापासून दूर धाडण्याची ही घटका कोणत्याही गुरूच्या कसोटीची असते. पुष्कळांचें येथेंच चुकतें. मोह सुटत नाहीं. गेन्चिचबाईंनीं आपण होऊन जर्मनींत म्युनिकजवळ टेनिसची शाळा चालविणाऱ्या निकोला पिलिच यांस विचारलें. पिलिच हे क्रोएशियाचे. स्वतः १९७३ सालीं फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेले. सर्ब व क्रोट यांच्यांत नुकतेंच रक्त सांडलेलें होतें, आणि मुलगा फार लहान म्हणून त्यांस आरंभीं संकोच वाटत होता. परंतु त्यांनीं त्यास ठेवून घेतलें. सप्टेंबर १९९९ मध्यें काका गोरान यांच्या सोबतीनें हा बारा वर्षांचा मुलगा म्युनिकला पोंचला. ठरलेल्या वेळेच्या आधींच येऊन तो अंग मोकळें करीत असे, हें पाहून पिलिच थक्क होत. मधून मधून घरीं येत असें त्यानें तेथें सुमारें चार वर्षें काढलीं.

सन २००१ मध्यें, चौदाव्या वर्षीं, तो आपल्या वयोगटांत एकेरी, दुहेरी व सांघिक अशा तिन्ही प्रकारांत युरोपचा विजेता झाला. सन २००३ मध्यें त्यानें धंदा म्हणून खेळण्यास आरंभ केला. परंतु वाचकांनीं असें समजूं नये कीं, तेथून पुढें सर्व पायघड्याच होत्या. जानेवारी २००५ मध्यें पात्रताफेऱ्या जिंकून तो ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य पटांत प्रथमच उतरला, आणि मारात साफिन या रशियन खेळाडूनें त्याला ६–०, ६–२, ६–१ असा धुवून काढला. त्याच वर्षीं तो पहिल्या शंभरांत आला. सन २००६ मध्यें मारियान वायदा हे स्लोव्हाक शिक्षक त्यास लाभले, आणि जुलैंत हॉलंडमधील आमर्सफूर्ट येथें त्यानें पहिली मोठी व्यावसायिक स्पर्धा जिंकली. याच सुमारास कुटुंबानें इंग्लंडला स्थायिक व्हावें, मुलानें त्या देशातर्फे खेळावें, असें बोलणें निघालें होतें. पैशाच्या दृष्टीनें तो मार्ग सोपा होता. तरी कुटुंबानें तो नाकारला.

ऑगस्ट २००७ मध्यें माँट्रियल येथें त्यानें क्रमवारींतील तिसऱ्या रॉडिकला, दुसऱ्या नडालला आणि पहिल्या फेडररला ओळीनें हरविलें. पुढच्याच महिन्यांत अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्याच फेडररविरुद्ध डाव जिंकण्याच्या सात संधि आल्या, आणि सातही हातच्या गेल्या. शेवटीं २७ जानेवारी २००८ रोजीं मेलबर्न येथें फ्रान्सच्या त्सोंगास चार डावांत नमवून, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो ऑस्ट्रेलियन विजेता झाला. एकेरींत असें मोठें अजिंक्यपद मिळविणारा तो सर्बियाचा पहिला खेळाडू. तीन वर्षांपूर्वीं त्याच स्पर्धेंत त्यानें तीन डाव मिळून तीन गेम घेतले होते, हें येथें आठवावें. त्याच वर्षीं त्याच्या देशांतील आना इव्हानोविच हिनें फ्रेंच स्पर्धा जिंकली; ही मुलगी लहानपणीं हिंवाळ्यांत एका रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावांत सराव करीत असे. साधनें नाहींत म्हणून आमच्या मुलांचें अडतें, असें म्हणणाऱ्यांनीं तो तलाव एकदां डोळ्यांपुढें आणावा.

एक विघ्न अद्याप उरलें होतें. लांबलेल्या सामन्यांत त्याचा श्वास कोंडे, अंग गळून जाई. सन २००९ मध्यें विजेता म्हणून मेलबर्नला गेला असतां उन्हानें थकून त्याला सामना अर्धवट सोडावा लागला. लोक त्याला रडव्या म्हणूं लागले. सन २०१० मध्यें एका डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यानें गव्हांतील ग्लूटेन आहारांतून वर्ज्य केलें, आणि त्यानें आपली प्रकृति पालटली असें तो सांगतो. ज्याच्या घरचा निर्वाह पिझ्झावर चालला, त्यालाच गहूं सोडावा लागला! सन २०११ मध्यें त्यानें ७० सामने जिंकले व केवळ ६ गमावले. ३ जुलै रोजीं नडालला हरवून विंबल्डन जिंकलें, तेव्हां त्यानें खालीं बसून त्या मैदानाचें गवत उपटून तोंडांत घातलें. आणि दुसऱ्या दिवशीं तो जगांत पहिला झाला. कुंपणापाशीं उभा राहून अठरा वर्षें झालीं होतीं.

१ जून २०१३ रोजीं गेन्चिचबाई बेलग्रेड येथें वारल्या. जोकोविच तेव्हां पॅरिसला फ्रेंच स्पर्धा खेळत होता; सोबत्यांनीं ही वार्ता त्या दिवसाचा सामना संपेपर्यंत त्याच्यापासून लपवून ठेविली. ऐकल्यावर तो वार्ताहरांपुढें येऊं शकला नाहीं. त्या स्पर्धेंत तो उपांत्य फेरींत हरला. तीं अजिंक्यपदें पुरीं होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें.

त्याचे दोषही झांकून ठेवावयाचे कारण नाहीं. सन २०२० मध्यें अमेरिकन स्पर्धेंत रागाच्या भरांत मारलेला चेंडू एका पंच बाईंस लागून तो बाद ठरविला गेला. सन २०२२ मध्यें रोगप्रतिबंधक लस न घेतल्यामुळें ऑस्ट्रेलियानें त्यास परत धाडलें. तो देव नव्हे, माणूस आहे.

आतां राहिला तो मघांचा प्रश्न. बापानें कर्ज काढून केलेलें हें धाडस अनुकरणीय काय? आमचें उत्तर, नाहीं. मार्को व जॉर्जे हे धाकटे दोघे बंधूही टेनिस खेळले. तेच आईबाप, तेंच रक्त, शिवाय थोरल्याचें नांव व द्रव्य पाठीशीं. तरीही थोरल्याची उंची त्यांस गांठतां आली नाहीं. एकाच घरांत तिघांपैकीं एक! मग ज्या घरांतून एकही वर आला नाहीं, जेथें घर गेलें, कर्ज राहिलें आणि मुलगा ना खेळाडू ना पदवीधर असा मध्येंच लोंबकळत राहिला, अशीं घरें किती असतील? त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं, म्हणून तीं नाहींत असें नव्हे. यश पाहून मार्ग ठरविणें म्हणजे लॉटरी लागलेल्याचा तिकिटाचा क्रमांक उतरून घेण्यासारखें आहे.

तरी या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याला कर्ज लागत नाहीं. ती पिशवी मुलानें स्वतः भरली होती. आईनें भरलेली असती, तर गेन्चिचबाईंनीं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेंही नसतें. आपल्या घरांतून सकाळीं शाळेस किंवा शिकवणीस निघणाऱ्या मुलांचीं दप्तरें कोण भरतें, हें पालकांनीं एकदां मनाशीं तपासून पाहावें. जें मूल आपण होऊन पिशवी भरतें, त्याच्यासाठीं थोडा खर्च, थोडी गैरसोय अवश्य सोसावी. तें मूल खेळाडू झालें नाहीं तरी दुसरें कांहीं तरी चांगलें होईल. जें भरीत नाहीं, त्याच्या पाठीवर आपली हौस लादूं नये. आणि आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस एवढीच विनंति कीं, शिकवितां शिकवितां मधून मधून कुंपणाकडे पाहत जावें. तेथें कोणी उभें असण्याचा संभव आहे.